सोवळ्यातले गुडघे

गुडघ्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर उघडणारा उज्जैनमधला मी पहिला, आणि देवाच्या दयेनं बहुधा शेवटचाच फिजिओथेरपिस्ट. माधवनगरातली जागा. हवेशीर, खिडकीतून कडुलिंब दिसणारी, आणि रस्त्यापासून दारापर्यंत एकोणीस पायऱ्या. मध्ये एक वळण, कठडा एकाच बाजूला. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. तो जिना सात ढांगांत चढायचो, त्यामुळे पायऱ्या मोजाव्यात असं कधी वाटलंच नाही. पहिले दोन महिने जे पेशंट वर पोचले त्यांना माझी गरज नव्हती, आणि ज्यांना होती ते खाली पानाच्या गुमटीपाशी उभे राहून माझी पाटी वाचून परत जात. गुमटीवाला संध्याकाळी मला बातम्या द्यायचा, "डॉक्टर साब, आज एक माताजी आई थीं. तीन सीढ़ी चढ़ीं, चौथी पे बैठ गईं, और बैठे-बैठे आपके बारे में बहुत कुछ बोलीं."

"क्या बोलीं?"

"छोड़ो न साब, आप पढ़े-लिखे आदमी हो."

मग तळमजल्यावर आलो. तिथे पुढची तेहेतीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी शटर ओढलं. आता एका दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तर ज्यात पेशंट बरे झाले त्या केसेस धूसर आठवतात, आणि ज्यात माझी फजिती झाली त्या कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं इथपर्यंत लख्ख. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मग अंक जाड काढायला सांगून द्या त्यांना."

आमच्या धंद्याला गावात नाव नव्हतं. कोणी 'सिकाईवाले', म्हणजे शेक देणारे, डॉक्टर म्हणायचं, कोणी 'कसरतवाले', आणि एक पहेलवान उस्ताद तर थेट 'मालिशवाला'. येणाऱ्या दहांतल्या सातांचं दुखणं गुडघ्याचं, आणि त्या सातांची भाषा एकच : "ग्रीस खतम हो गया है." हे ग्रीस प्रकरण कोणी पसरवलं माहीत नाही, पण उज्जैनमध्ये प्रत्येकाला आपला गुडघा म्हणजे बजाजची जुनी स्कूटर वाटते. एक्स-रे उजेडाकडे धरून लोक मलाच शिकवायचे, "ये देखो, गैप चला गया."

खरी गोष्ट थोडक्यात सांगतो. गुडघ्यात दोन हाडं जिथे भेटतात तिथे कूर्चेची गादी असते. वय, वजन, जुनी दुखापत, घराण्याचा वारसा, यांनी ती झिजते, खडबडीत होते, सांधा अधूनमधून सुजतो. गेलेली गादी व्यायामानं परत येत नाही. पण गुडघा नुसत्या गादीवर उभा नसतो. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून असतात. ते दणकट असले तर झिजलेला गुडघाही वर्षानुवर्षं काम देतो. ते सुकले तर एक्स-रेत बरा दिसणारा गुडघाही रडतो. काहींना शेवटी ऑपरेशन लागतंच, त्यांना मी वेळेवर पाठवलं. बाकीच्यांना औषध एकच : स्नायू वाढवा, चालत राहा, थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं म्हणजे झेपलं असं समजा.

पण हे फुकटचं औषध कोणाला नको असायचं. लोकांना मशीन हवं असायचं, लाल दिव्याचं. माझ्याकडे एक होतं. एकदा किराणावाल्या सेठजींना मी त्याच्या पट्ट्या बांधल्या, पंधरा मिनिटं बसवलं, आणि काढताना पाहिलं की बटण दाबायचंच राहिलंय. कबूल करायला तोंड उघडणार तेवढ्यात सेठजी म्हणाले, "आज करंट बढ़िया था भिया. रोज इतना ही रखना." मी तोंड मिटलं. ही माझी लबाडी आहे, आणि ती आजवर फक्त बायकोला माहीत होती.

मात्र त्याहून मोठी चूक मी उघडपणे, छापील कागदावर केली. प्रत्येक पेशंटच्या हाती मी एक हिंदी पत्रक द्यायचो. वर ठळक अक्षरांत 'परहेज'. खाली चौदा कलमं. जमिनीवर बसू नका. मांडी घालू नका. उकिडवे बसू नका. जिना चढू नका. वाकू नका. जड उचलू नका. असं करत करत चौदावं होतं, गुडघ्यांवर ताण येईल असं काहीही करू नका. व्यायाम मागच्या बाजूला होते, बारीक टायपात.

हा सल्ला चुकीचा आहे हे मला पंचवीस-तीस वर्षं कळलं नाही, कारण तो कोणी पाळतच नव्हतं. लोक पत्रक घडी करून खिशात घालत, घरी जाऊन ऐटीत मांडी घालून दाल-बाफले खात, आणि त्या मांडी घालण्या-उठण्यातच त्यांच्या स्नायूंना जो काय व्यायाम व्हायचा तो व्हायचा. बरे होत आणि श्रेय मला देत. माझी प्रॅक्टिस उज्जैनकरांच्या बेशिस्तीवर चालली होती.

मग तीन वर्षांपूर्वी सरूकाकू आल्या.

सरूकाकू म्हणजे नानांची बायको, आणि नाना म्हणजे शाळेत मला गणित शिकवणारे, म्हणजे शिकवायचा प्रयत्न करणारे, मास्तर. नानांचे पूर्वज कधीकाळी सरकारी दफ्तरात कारकून होऊन इकडे आले, असं ते कोणीही न विचारता सांगतात. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून आले, म्हणून नानांच्या लेखी आम्ही अजून पाहुणेच. मी अठ्ठावन्न वर्षांचा, केस गेलेला माणूस, पण नाना भर दवाखान्यात हाक मारायचे, "ए विन्या! हिचे गुडघे बघ."

काकू तेव्हा एकाहत्तरच्या. दोन्ही गुडघे वर्षभर दुखत होते, पण सगळं काम चालू होतं. तपासलं. मध्यम झीज, किंचित सूज, जोर चांगला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी नेहमीप्रमाणे पत्रक दिलं.

काकूंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "चौदाही?"

"चौदाही," मी म्हणालो. मोठ्या रुबाबात म्हणालो, ते अजून कानात आहे.

माझा हिशेब इथे चुकला. काकूंनी उभा जन्म सोवळं पाळण्यात काढलेला. कुळाचाराच्या स्वयंपाकाला उंच वलणीवर वाळलेलं, काठीनं काढलेलं लुगडं. ते नेसल्यावर नैवेद्य होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, कोणी शिवायचं नाही. कशाला हात लावायचा, कुठे पाय ठेवायचा, आधी काय, नंतर काय, याचे शेकडो नियम त्यांना श्वासासारखे. त्यात माझे चौदा. त्यांना काय जड? माझ्या पत्रकाला आयुष्यात पहिल्यांदा खरा भक्त भेटला.

फाल्गुनात ही भेट झाली. आषाढात नाना एकटेच आले. खुर्चीवर बसले, काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली.

"विन्या, ती उठत नाही रे."

"म्हणजे?"

"म्हणजे कसं सांगू. तू सांगितलंस तसं सगळं बंद केलं तिनं. जमीन बंद, जिना बंद, वाकणं बंद. खुर्चीवरून पलंग, पलंगावरून खुर्ची. आता खुर्चीतून उठायला मेधाचा हात लागतो." मेधा म्हणजे त्यांची सून, बँकेत आहे. "आणि काल रात्रीच्या जेवणाला म्हणाली, यंदा लक्ष्म्या देवासला द्या."

हे बाहेरच्यांना उलगडून सांगायला हवं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवट्यांच्या, साड्या नेसवलेल्या, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा, सोळा भाज्यांचा नैवेद्य. नानांच्या घरी तो सोवळ्यात, खाली बसून, देवघरालगतच्या खोलीत शेगडी जमिनीवर मांडून होतो. पन्नास वर्षं तो काकूंनी केला. ज्या घरी तो होणं बंद होतं तिथून मुखवटे दुसऱ्या भावाकडे जातात, आणि एकदा गेलेल्या लक्ष्म्या परत येत नाहीत, असं सगळे मानतात. देवासला नानांचा धाकटा भाऊ. त्याची बायको शालिनीकाकू तयारच होती.

"देवासला काय वाईट आहे?" मी चाचरत विचारलं.

"वाईट काहीच नाही. शालू भली बाई आहे." नाना काठीकडे बघत राहिले. "पण काल हे सांगून झाल्यावर ही भिंतीकडे तोंड करून झोपली. गणित मला येतं विन्या, हे येत नाही."

नाना गेल्यावर मला दुबेजी आठवले. रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. रोज संध्याकाळी राम घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी बसायचे. मी त्यांना कलम चार दाखवलं होतं. पुढे दोन वर्षांनी त्यांचा मुलगा बाजारात भेटला, म्हणाला, "पापा अब ऊपर सड़क से ही हाथ जोड़ लेते हैं. आपने मना किया था न." मी तेव्हा "बहुत अच्छा" म्हणालो होतो. दुबेजींना परत पायऱ्या उतरवायची संधी मला मिळाली नाही, ते गेले. म्हणजे कोणीच पाळत नव्हतं असं नव्हे. पाळणारे परत येऊन सांगत नव्हते, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या घरी गेलो. हातात आठ आठवडे होते. काकू घरच्या रोजच्या नैवेद्यासाठी सोवळ्यात, खुर्चीवर बसून कढी ढवळत होत्या. मी उत्साहात आत गेलो, म्हणालो, "काकू, आधी पाय सरळ करून बघू," आणि वाकून त्यांचा गुडघा धरला.

"विन्या!" नाना बाहेरून असे ओरडले की शाळेतलं प्रमेय आठवलं.

कढी उतरवली गेली. शेगडी बंद झाली. काकू मेधाचा हात धरून पुन्हा आंघोळीला गेल्या, आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "चहा घेऊन जा. ती कढी आता तुलाच प्यायचीय."

प्यायलो. उत्तम होती. पिता पिता कळलं की हा गुडघा मला हात न लावता बरा करायचाय. अडचण होती ती सोवळ्यातच : कशालाही न धरता, हातात भांडं घेऊन, जमिनीवरून उठणं. जिथे अडतं तिथेच सराव करावा लागतो, दवाखान्यातल्या गुबगुबीत पलंगावर नाही. तेव्हा ठरलं. काकू उंबऱ्याच्या आत, मी उंबऱ्याच्या बाहेर. मी करून दाखवणार, त्या बघून करणार.

आधी माफी मागितली. "काकू, ते पत्रक चुकीचं होतं."

"चौदाही?"

"बरीचशी."

"मग छापलंस कशाला?"

पहिलाच व्यायाम सोपा. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. काकू म्हणाल्या, "आकडे कसले मोजायचे, देवाचं नाव घेते." मी म्हटलं, घ्या की. तिसऱ्या दिवशी गेलो तर काकूंच्या मांड्या लाकडासारख्या झालेल्या आणि मेधा माझ्याकडे बँकेतल्या खोट्या नोटेकडे बघावं तशी बघतेय. काकूंनी हजार नावांचा पाठ लावला होता. एका दाबात एक पाठ. दहावर सोडायचं असं मी सांगितलं होतं ना, असं विचारलं तर म्हणाल्या, "पाठ अर्धवट सोडू? शोभतं का?" शेवटी तडजोड झाली, गणपतीची बारा नावं. ती सावकाश म्हटली की बरोबर दहा-बारा सेकंद होतात. नंतर कितीतरी पेशंटना मी हेच माप दिलं.

गुडघ्याची इलास्टिकची टोपी मी आणली होती. रबर सोवळ्यात चालेना. लोकर मात्र चालते. काकूंनी नातवाच्या स्वेटरची उरलेली हिरवी लोकर काढून दोन टोप्या विणल्या. त्या दर पाच मिनिटांनी घोट्यापर्यंत घसरत आणि काकू मोजे घातलेल्या फुटबॉलपटूसारख्या दिसत. उपयोग शून्य, पण त्या घातल्या की त्यांना धीर यायचा, म्हणून मी त्या राहू दिल्या.

मग आला जमिनीवरून उठण्याचा धडा. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून छोटंसं भाषण दिलं. गुडघा कसा वाकतो, वजन कुठून कुठे जातं. "आता बघा हं काकू. असं बसायचं," म्हणत मी डौलात खाली बसलो, मांडी घातली. "आणि असं उठायचं."

उठलोच नाही.

आधी वाटलं, पाय घसरला. पुन्हा जोर लावला. गुडघ्यातून कट्ट आवाज आला आणि मी होतो तिथेच. अठ्ठावन्न वर्षांचा, तीस वर्षं खुर्चीवर बसून लोकांना जमिनीवर बसू नका सांगणारा. आसपास धरायला काही नव्हतं. नाना ऐंशीचे, त्यांना धरलं असतं तर दोघं आडवे. मेधा बँकेत. काकू चार हातांवर, पण सोवळ्यात.

"विनायका," त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "नियमात बसत नाही रे, नाहीतर हात दिला असता."

"काही नाही काकू, जरा पायाला मुंग्या आल्यात."

"तुझं ते पत्रक तूही पाळतोस वाटतं."

नाना हसता हसता खोकायला लागले. मी रांगत दाराच्या चौकटीपर्यंत गेलो आणि तिला धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून आम्ही दोघं पेशंट झालो, उंबऱ्याच्या अल्याड एक, पल्याड एक.

पद्धत मी तिथेच, त्या घरातल्या सामानावरून शोधली. घरात जेवणावळीचे शिसवी पाट होते. एकावर एक आठ पाट, एवढी उंच चळत. त्यावर बसायचं, हात छातीशी, आणि उठायचं. दहा वेळा. दहा वेळा नीट जमलं की एक पाट काढायचा. तो संपूर्ण आठवडा त्या उंचीवर. तशीच चळत माझ्यासाठी बाहेर, तिच्यात पाटांबरोबर नानांची जाड गणिताची पुस्तकं. नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर दोघांच्या पाटांची नोंद सुरू केली आणि आलेख काढून रोज सांगू लागले, "विन्या, तू मागे आहेस. शाळेतही होतास."

काकू पुढे होत्या हे खरं. चार पाट, मग तीन. खुर्चीतून आता मेधाचा हात लागत नव्हता. गच्चीचा जिना रोज एकदा, कठडा धरून. आणि मग गणपतीच्या आधल्या आठवड्यात उजवा गुडघा लिंबाएवढा सुजला. काकूंनी दोन पाट एकदम काढले होते, मी नसताना. त्या आठवड्यातच देवासहून फोन आला होता, "वहिनी, मी मुखवटे न्यायला मखमलीची पिशवी शिवलीय. मनाला लावून नका घेऊ." तो ऐकून काकूंनी पाट काढले.

मी गेलो तेव्हा त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. सोवळ्यात नव्हत्या, म्हणून हात लावून पाहिला. गरम होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बंद ना आता?" त्या म्हणाल्या. "सांगून टाक. शालूला फोन करते."

माझ्या जिभेवर चौदाही कलमं येऊन उभी राहिली. सगळ्यात सोपं उत्तर तेच होतं, कोणी दोष दिला नसता. खरं सांगतो, मला भीती वाटली. हा गुडघा बिघडला तर नाना मला गावात तोंड दाखवू देणार नाहीत.

"बंद नाही," मी म्हणालो. "दोन दिवस आराम, बर्फाचा शेक. पाय नुसता आवळायचा-सोडायचा. मग एक पाट वाढवून पुन्हा सुरू."

"वाढवून?"

"वाढवून. मागे जाणं म्हणजे बंद नव्हे."

"आणि जमिनीपर्यंत नाही पोचले तर?"

"तर दोन पाटांवर बसून पुरण करायचं. पाटावर बसणं सोवळ्यात चालतं की नाही?"

"पाट धुतला की चालतं," काकू म्हणाल्या. आणि मग, फोनकडे हात न नेता, "मेधा, बर्फ आण."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी दहालाच हजर. शालिनीकाकू आदल्या दिवशीच आल्या होत्या, सोवळ्यात मदतीला बसल्या होत्या. मखमलीची पिशवी खुंटीला लटकत होती. काकू दोन पाटांवर बसल्या होत्या, घोट्यांपाशी हिरवी लोकर गोळा झालेली. पुरण झालं, वडे झाले, आंबील, पंचामृत, सोळा भाज्या. दर अर्ध्या तासानं त्या उठून उभ्या राहत, चार पावलं चालत, पुन्हा बसत. हे मी सांगितलं होतं. मध्येच मला उंबऱ्याबाहेर बघून म्हणाल्या, "असा उभा काय राहिलास परीक्षेला बसवल्यासारखा? बाहेर जा, नानांना पानं मांडू लाग."

गोष्ट अडली ती शेवटी. नैवेद्याचं ताट लक्ष्म्यांपुढे जमिनीवर ठेवायचं, पाणी फिरवायचं, आणि डोकं टेकून नमस्कार करायचा. तिथे पाट नव्हते. शून्य पाटांचा सराव आम्ही केलाच नव्हता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा काकू ताट घेऊन निघाल्या होत्या.

"वहिनी, द्या मी ठेवते," शालिनीकाकू म्हणाल्या.

"राहू दे."

त्या सावकाश खाली गेल्या. ताट ठेवलं, एक थेंब आमटी सांडली नाही. पाणी फिरवलं. डोकं टेकलं. ते इतका वेळ टेकून राहिल्या की मेधाचा हात माझ्या बाहीवर आला. मग काकूंनी दोन्ही हात जमिनीला लावले, एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल पुढे रोवलं, आणि थांबल्या. घरात फक्त उदबत्तीचा धूर हलत होता. त्यांची मांडी थरथरताना मला दिसली. मी पुढे झेपावलो, एक पाय उंबऱ्याच्या आत पडणार तेवढ्यात मागून नानांनी माझी कॉलर धरली.

"हलू नकोस," नाना कुजबुजले. "कढी नाहीये ती."

शालिनीकाकूंनी हात पुढे केला. त्या सोवळ्यातच होत्या, त्यांचा हात चालला असता. काकूंनी त्या हाताकडे पाहिलं, मान हलवली, आणि आधी कंबर वर, मग पाठ, मग मान, अशा, रांगतं मूल पहिल्यांदा उभं राहतं तशा, कुठलाही डौल नसलेल्या, उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आणि ओरडल्या, "पानं वाढायला घ्या, आंबील निवतेय!"

त्या दिवशी मी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. टेबल-खुर्चीवर नाही, खाली, पाटावर बसून. उठायला थोडा वेळ लागला, पण चौकट लागली नाही.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उतरवल्या. मी प्रसादाच्या दहीभाताला गेलो होतो. शालिनीकाकू मऊ फडक्यानं मुखवटे पुसत होत्या. पिशवीचा विषय कोणी काढला नव्हता, आणि आता कसा काढायचा हे त्यांनाही समजत नसावं. शेवटी त्यांनीच पिशवी खुंटीवरून काढली, तिच्यात दोन्ही मुखवटे घातले, नाडी ओढली आणि म्हणाल्या, "पिशवी असू द्या वहिनी, यांनाच शिवली होती. कपाटात ठेवते. वरच्या कप्प्यात ठेवू? पुढच्या वर्षी तुम्हाला खाली वाकायला नको."

काकू खिडकीपाशी हिरवी लोकर उसवत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "खालच्या कप्प्यात ठेव."

"खालच्या?"

"अगदी खालच्या. बसून काढीन."